कुलूप पुढच्या दाराला

मी कुलूप. तोंड मिटून बसणं हेच ज्याचं काम, त्यानं आज बोलायला बसावं हे जरा विचित्रच आहे. पण माझं तोंड आता उघडलंच आहे, उघडलंय कसलं, फोडलंच आहे, तेव्हा चार गोष्टी सांगून टाकतो. मध्ये मध्ये बोलू नका. मला गोंगाट सहन होत नाही. हा स्वभाव मुळातला माझा की मालकांच्या संगतीनं लागलेला, ते आता मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म एका अरुंद बोळातल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबोडकी खोली, काजळलेलं छत आणि ओळीनं कानस घासत बसलेली माणसं. पितळेचा माझा देह ओतला, आत पोलादी पट्ट्या बसवल्या, वर जाडजूड कमान चढवली. माझ्यावर शेवटचा हात फिरवणारा कारागीर म्हातारा होता. त्यानं माझी किल्ली फिरवून बघितली. मग दुसऱ्याची किल्ली घालून बघितली, खिळा घालून बघितला, तार घालून बघितली. मी ढिम्म! "हे बेणं कुणाचं ऐकायचं नाही," तो शेजारच्याला म्हणाला आणि मला खोक्यात घातलं. माझं एवढं कौतुक पुढे कुणी केलं नाही, म्हणून ते शब्द मी अजून जपून ठेवलेत.

दुकानात मालकांनी मला हातात घेतलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर ओढून बघितलं. मग बंद करून ओढलं. मग दुकानदाराला ओढायला लावलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता नेता का इथेच राहायला येता?" मालक हसले नाहीत. ते टेलिफोन खात्यात तक्रार विभागात होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानाला यंत्र लावून लोकांचं रडगाणं ऐकायचं, "नोंद घेतली आहे" म्हणायचं आणि पुढचं रडगाणं ऐकायचं. असा माणूस घरी आला की त्याला बायकोचा आवाजसुद्धा तक्रारीसारखा वाटतो. म्हणून त्यांना हवं होतं एक भक्कम दार आणि त्यावर एक भक्कम कुलूप.

शहरात आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. मी दारावर, आणि समोरच्या दारावर माझ्यासारखंच एक पितळी कुलूप. आम्ही दोघं कितीतरी वर्षं एकमेकांकडे बघत लटकलो. जिव्हाळ्याचं नातं होतं आमचं. मालकांना मात्र समोरच्याचं नावही माहीत नव्हतं. एके दिवशी ते कुलूप गेलं आणि तिथे चपट्या तोंडाचं एक नवं आलं. मला दिवसभर चैन पडलं नाही. मालकांना पत्ताच नाही! पुढे कधीतरी लिफ्टमध्ये नव्या माणसाला त्यांनी "काय, आज उशीर?" म्हणून विचारलं. जुना माणूस गेला कुठे, बदली होऊन गेला की कायमचा गेला, हे त्या मजल्यावर कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

आणि हाच माणूस सेवानिवृत्त झाल्यावर म्हणायला लागला, "मला शांतता पाहिजे."

भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यात एक कौलारू घर, मागे टेकडी, पुढे हिरवं शेत, आणि माणूस एकही नाही. वर्ष संपलं तरी मालकांनी ते कॅलेंडर काढलं नाही. चहा पिताना त्याच्याकडे बघायचे आणि सुस्कारा टाकायचे. "असं कुठेतरी जाऊन राहावं. मोकळी हवा, ताजी भाजी. कुणाची कटकट नाही."

मालकीणबाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत असायच्या. त्या दोरा दातांनी तोडत म्हणायच्या, "आणि रात्री छातीत कळ आली तर त्या टेकडीला सांगायचं का?"

"तुझं नेहमीचंच नकारघंटा वाजवणं."

"अहो, मला इथे चार पावलांवर दवाखाना आहे, खाली बाजार आहे, लेक एका बसच्या अंतरावर आहे. कशाला उगाच जिवाला घोर?"

पण मालक हट्टाला पेटलेले. शेवटी तह झाला. वर्षभर जाऊन राहायचं. फ्लॅट तसाच बंद ठेवायचा. वर्षानं दोघांना पटलं तर कायमचं, नाहीतर मुकाट्यानं परत. बाईंनी मान डोलावली, पण निघताना त्यांनी अर्धी भांडी मुद्दाम फ्लॅटमध्येच ठेवली. परत यायचंच आहे, असा त्यांचा हिशेब. मालकांनी सामानात सगळ्यात आधी कुणाला घेतलं? मला! फ्लॅटला दुसरं कुलूप घातलं आणि मला रुमालात गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवलं. मला भरून आलं हो.

गावातलं घर कॅलेंडरसारखंच होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. कौलं होती, टेकडी होती, शेत होतं. फक्त चित्रकाराकडून माणसं काढायची राहून गेली होती. ती सगळी आमच्या अंगणात उभी होती.

दारालाही कुलपाची सवय नव्हती. कडी-कोयंडा होता, पण त्यात इतकी वर्षं एक काटकी अडकवलेली असायची. का, तर म्हणे कोंबड्या आत जाऊ नयेत म्हणून. मालकांनी ती काटकी फेकली, मला अडकवलं, नेहमीसारखं ओढून बघितलं, खिडक्यांना लोखंडी गज बसवून घेतले, आणि बाईंना घेऊन फिरायला गेले. परत येतात तर दारात शेजारच्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. या मावशींकडे कोंबड्या होत्या, शेळ्या होत्या, आणि अख्ख्या गावाची बित्तंबातमी होती.

"काय हो, कुणाची भीती वाटली?" मावशींनी विचारलं.

"भीती नाही हो, सवय," मालक कसनुसं हसले.

"मी वाटीभर दही घेऊन आले होते. आता काय कुलपाला चारू?"

मी तरी काय करणार? मला दही चालत नाही. पण त्या दिवसापासून मावशी माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मी त्यांच्या तोंडावर दार आपटलंय. खरं तर आपटलंच होतं.

आता खेड्यात राहण्याचे फायदे-तोटे म्हणून जे काय असतं, ते मी दारावरून अगदी जवळून बघितलंय. हवा चांगली, यात वाद नाही. शहरात मला दर महिन्याला काळी पुटं चढायची, इथे आपोआप चकाकायला लागलो. मालकांचा खोकला गेला. गादीला पाठ लागायचा अवकाश, घोरायला सुरुवात. टोमॅटोला टोमॅटोचा वास येतो, हे बघून तर ते एकदा इतके खूश झाले की लेकीला फोन करून सांगावंसं वाटलं. पण फोन लागतो फक्त पाण्याच्या टाकीपाशी! तिथे गेले, तर रांगेत आधीच माणसं उभी. त्यांनी टोमॅटोचं सगळं कौतुक ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर एकानं विचारलं, "काका, लेकीचा आवाज जरा बारीक वाटला. नवऱ्याशी बरं चाललंय ना?"

मालकांचा चेहरा असा झाला, जणू तक्रार नोंदवून घ्यायला समोर कुणीच नाही.

मग विजेचं. वारा सुटला की वीज गेली. ढग आला, वीज गेली. दोन्ही नसेल तर वीज स्वतःच्या मर्जीनं जायची. मालकांचा रेडिओ म्हणजे त्यांचा जीव, आणि गाणं ऐन रंगात आलं की तो गप्प. दवाखाना तालुक्याला, रस्ता खडबडीत, डॉक्टर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणार आणि त्या दिवशीही येतीलच असं नाही.

पण हे सगळं त्यांनी सोसलं असतं. सोसवेना ती माणसं! दार वाजवणं नाही, हाक नाही, सरळ आत. "काय शिजलंय?" म्हणत झाकण उघडून बघणार. "एवढ्या लवकर केस कसे गेले?" म्हणून विचारणार. "किती पेन्शन?" हाही प्रश्न आला, त्यावर मालक इतके लाल झाले की विचारणाऱ्यानं त्यांना पाणी आणून दिलं. दुकानदार दुपारच्या झोपेच्या वेळी स्टूल घेऊन यायचा, कारण त्या वेळी त्याच्याकडे गिऱ्हाईक नसायचं. शाळेचे मास्तर कालचं वर्तमानपत्र आज घेऊन यायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. आणि कहर केला तो मावशींनी. एकदा वारा सुटला तेव्हा त्यांनी आमच्या दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि चार माणसांदेखत मालकांच्या पुढ्यात ठेवत म्हणाल्या, "बनियनला भोकं पडलीत. नवीन घ्या की, काय सोबत न्यायचंय?"

त्या रात्री मालक जेवले नाहीत. "तिथे शेजाऱ्याला माझं नाव माहीत नव्हतं," ते म्हणाले, "इथे गावाला माझी बनियनं माहीत आहेत."

आणि गंमत बघा, मालकीणबाई! ज्यांना यायचंच नव्हतं, त्या रुळल्या. त्यांचं मशीन ओसरीवर आलं. बायका कापड घेऊन यायला लागल्या, कापड राहायचं बाजूला, गप्पाच रंगायच्या. शहरात त्या मशीनशी बोलायच्या, हे मला ठाऊक होतं. दाराआडून ऐकलंय मी. इथे त्यांना बोलायला माणसं मिळाली. चेहरा उजळला, चाल बदलली. कुणाच्या बाळाची झबली, कुणाच्या पोरीचे झगे, आणि "काकू, काकू" म्हणून सगळीकडून हाका. फ्लॅटमध्ये ठेवलेली अर्धी भांडी त्यांनी हळूहळू मागवून घेतली. मालकांनी ते बघितलं. मला मात्र तेव्हाच कळलं होतं, वर्ष संपताना घरात ठिणगी पडणार.

आता ऐका मालकांची युक्ती. एका दुपारी बाई बाहेर गेल्या होत्या. दुकानदार स्टूल घेऊन येताना लांबून दिसला. मालक झटकन बाहेर आले, मला कडीत अडकवलं, किल्ली फिरवली आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं आत शिरले. आतून मागच्या दाराला कडी. दुकानदार आला, माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ घुटमळला आणि स्टूल उचलून गेला!

आत मालकांनी टाळी वाजवली. मी मात्र शरमेनं काळा पडलो. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत मी कधी खोटं बोललो नव्हतो. कुलूप दाराला आहे म्हणजे घरात कुणी नाही, याच्यावर जगाचा व्यवहार चालतो. आणि हा माणूस आत बसून शेंगा खातोय! पण काय करता, मालक ते मालक. मग रोज दुपारी तोच खेळ. बाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, लहान मुलासारखं काय हे? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय कळतंय! ते समजतात मी बाहेर गेलोय."

"कुठे जाता रोज दुपारी उन्हातान्हात?"

"ते त्यांनी ठरवावं. बाकी सगळं तेच ठरवतात ना!"

वर्ष सरत आलं. शहरात लेकीला घर बदलायचं होतं, म्हणून बाई आठवडाभर मदतीला निघाल्या. पिशवी भरून झाल्यावर मालकांनी घसा साफ केला.

"तू आलीस की आपण बोलू. माझं तर ठरलंय. परत जायचं."

बाई पिशवीची चेन लावत होत्या. हात तिथेच थांबला. "आणि मी?"

"आपला तह होता. दोघांना पटलं तर."

"तुम्हाला शांतता पाहिजे म्हणून आले मी. माझं सगळं तिकडे टाकून आले. आता कुठे मला कुणीतरी विचारतंय, तर परत त्या चार भिंतींत नेऊन बसवणार?" त्यांनी चेन खसकन ओढली. "बरं. आल्यावर बोलू."

त्या गेल्या. मालक थोडा वेळ दारात उभे राहिले. मग मला लावलं, पाठीमागून आत गेले आणि रेडिओ मोठ्यानं लावला. आता नुसती दुपार नाही, दिवसभर कुलूप! तसे चांगले दोन-तीन दिवस गेले. मालक आत गुणगुणायचे, कपडे धुऊन मागच्या दोरीवर वाळत घालायचे, दुपारी ताणून द्यायचे. शांतता शांतता म्हणतात ती अखेर त्यांना मिळाली होती.

आणि मग एका दुपारी आत धप्पकन आवाज झाला.

न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय घसरला होता. आधी काहीच नाही. मग कण्हणं. मग हाक. "अहो... कुणी आहे का?" पण रेडिओवर ढोलकीचं गाणं जोरात लागलेलं. दाराला कान लावून लटकणारा मी, म्हणून मला ऐकू आलं. अंगणात उभ्या माणसाला गाण्याशिवाय काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. मास्तर आले, मागून दुकानदार. माझा जीव वर-खाली. अरे, या! आत या! हा माणूस पडलाय! पण त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबले. आता ते "बाहेर गेलेत वाटतं" म्हणून निघून जाणार, असं मला वाटलं. पण दुकानदार हळूच काय म्हणाला, माहीत आहे?

"कुलूप आहे. म्हणजे आत आहेत."

"हो, रेडिओ पण चाललाय," मास्तर कुजबुजले. "चला, नको त्रास द्यायला. काकांना दुपारी कुणी आलेलं आवडत नाही."

"खरंच बाहेर गेले की किल्ली मावशींकडे ठेवून जातात काकू. आज ती तिथे नाही, म्हणजे काका घरात."

मी सर्दच झालो. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! पहिल्यापासून! इतके दिवस मी ज्या खोट्यापायी झुरत होतो, ते कुणाला फसवतच नव्हतं. एक आख्खं गाव, ज्याला म्हणे दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची चाड नाही, माझ्याकडे बघून पाय न वाजवता माघारी फिरत होतं. मास्तरांनी उंबऱ्यावर दोन काकड्या ठेवल्या आणि दोघं चवड्यांवर चालत गेले. आतून मालक ओरडत होते, "मास्तर! मास्तर!" रेडिओवर ढोलकी वाजत होती.

नंतर आणखी एक-दोघं आली, मला बघून गेली. एका बाईनं तर बरोबरच्या पोराला दटावलं, "ओरडू नकोस, काका झोपलेत." सौजन्यानं माणूस मरतो म्हणजे कसा, ते मी त्या दुपारी बघत होतो. आतला आवाज खोल जात चालला होता. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा वाटलं, मी दाराला नसतो तर बरं झालं असतं. ती काटकी असती तर एव्हाना निम्मं गाव आत असतं, झाकणं उघडून बघत.

मग वारा सुटला, आणि वीज गेली.

ज्या विजेला मालकांनी वर्षभर लाखोली वाहिली, ती त्या दिवशी अगदी वेळेवर गेली. रेडिओ मध्येच बंद. मागच्या अंगणात मावशी धावत आलेल्या, आमच्या दोरीवरचे कपडे उडत होते ना! त्यांनी बनियन पकडलं, आणि तेवढ्यात आतून क्षीण हाक आली. "कुणी... आहे का..."

"काका?" मावशी खिडकीच्या गजांना चिकटल्या. "अगं बाई! काय झालं हो?"

"पडलोय. पाय हलत नाही."

मावशींनी अशी बोंब ठोकली की वाऱ्याला मागे सारत ती टाकीपर्यंत गेली असणार. बघता बघता अंगण भरलं. मागच्या दाराला आतून कडी आणि वर अडसर. खिडक्यांना गज. पुढे मी.

"किल्ली कुठाय?" दुकानदार ओरडला.

"माझ्या खिशात!" आतून आवाज.

"मग बाहेर टाका!"

"कशी टाकू, पडलोय ना मी!"

"काका, चिडू नका, आम्ही आहोत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला ओढून बघितलं. मी अर्थातच उघडलो नाही. मग लोहाराला बोलावलं. तो घण घेऊन आला, मला हातावर घेऊन तोललं आणि म्हणाला, "माल चांगला आहे. सहज तुटायचा नाही."

एरवी माझी छाती फुगली असती. पण त्या क्षणी त्या म्हाताऱ्या कारागिराचा मला राग आला. कशाला रे बाबा एवढा मजबूत केलास? पहिला घाव बसला, मी तसाच. दुसरा बसला, तसाच. आतलं कण्हणं थांबलं होतं. मावशी रडत होत्या आणि लोहाराला शिव्याही देत होत्या. "मार की जोरात, जेवला नाहीस का?" मी आतल्या आत म्हणालो, तूट रे, तूट, एकदाचा तूट. आणि पुढच्या घावाला माझी कमान निखळली. मी उंबऱ्यावर पडलो, काकड्यांच्या शेजारी, आणि माझ्यावरून दहा-बारा पाय आत धावले.

पुढचं सगळं मी उंबऱ्यावरून बघितलं. मालकांना बाजेवर घातलं. भोपळे भरलेला टेम्पो निघायच्या बेतात होता, त्यातले भोपळे रस्त्यावर उतरवले आणि बाज वर चढवली. तालुक्यापर्यंत इतके खड्डे की प्रत्येक खड्ड्याला मालक ओरडत होते, असं नंतर मास्तरांनी सगळ्यांना साग्रसंगीत सांगितलं. मावशी सोबत गेल्या. बनियन त्यांच्या हातातच होतं. दवाखान्यात त्यांनी नाव लिहून घेणाऱ्याला सांगितलं, "लिहा, कुलूपकाका." मालकांना आपलं गावातलं नाव तेव्हा कळलं. मांडीचं हाड मोडल्याच्या कळेपेक्षा ते जास्त लागलं, असं ते अजून म्हणतात.

बाई धावत आल्या. काही आठवड्यांनी मालक घरी आले, पाय प्लास्टरमध्ये, कुबड्या काखेत. पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर तहाची बोलणी झाली. मी खिडकीच्या कठड्यावर पडून ऐकत होतो.

"चला, आपण परत जाऊ," बाई म्हणाल्या.

मालकांनी चमकून बघितलं. "तुला तर राहायचं होतं?"

"राहायचं होतं. पण तो रस्ता बघितला मी. तिथे डॉक्टर जिन्याखाली आहे. तुम्हाला परत काही झालं तर? मला नको ही मोकळी हवा." त्यांनी डोळे पुसले. "बायका येतील, जातील. तुम्ही राहायला पाहिजे ना."

मालकांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या. मग म्हणाले, "डॉक्टर जिन्याखाली आहे गं. पण मी चौथ्या मजल्यावर पडलोय, हे त्याला सांगणार कोण? समोरचा? त्याच्या लेखी मी लिफ्टमध्ये 'आज उशीर?' विचारणारा कुणीतरी."

"मग काय करायचं?"

"अजून एक वर्ष बघू."

हसावं की रडावं, मला कळेना. जिला राहायचं होतं ती जायला निघाली आणि ज्याला जायचं होतं तो राहतो म्हणाला. ठाम मत म्हणून काही असतं, ते माणसात नसावं. ते कुलपात असतं, आणि त्याचंही काय झालं ते तुम्ही ऐकलंत.

राहायचं ठरलं खरं, पण म्हणून मालक साधुसंत झाले नाहीत. आजारी माणसाला भेटायला गाव लोटलं. प्रत्येकाचं हाड कधी मोडलं होतं ते प्रत्येकानं सांगितलं. दुकानदारानं तर स्टूल आमच्याकडेच ठेवून दिलं. पंधरा दिवसांत मालकांचा चेहरा पुन्हा तक्रार विभागातल्यासारखा झाला. एके दिवशी मावशींनीच विषय काढला.

"काका, दुपारी झोप मिळत नाही ना?"

"तुम्हीच सांगा."

"मग लावा की कुलूप."

"तुटलंय ना ते!"

मावशींनी मला कठड्यावरून उचललं, माझी निखळलेली कमान कशीबशी भोकात खुपसली आणि मला कडीत नुसतं अडकवून दिलं. "असं. हे दिसलं की कुणी आत येणार नाही. पण एक सांगते. जाता-येता आम्ही हाक मारणार, आणि तुम्ही ओ द्यायची. नाही दिलीत तर दार ढकलून आत."

"म्हणजे झोपलेलं असताना?"

"झोपेतही द्यायची."

तेव्हापासून माझं हे असं चाललंय. रोज दुपारी मी दाराला असतो, पण बंद नसतो. फुंकर मारली तरी पडेन. पितळेचा जाडजूड देह, आत पोलादी पट्ट्या, आणि नोकरी त्या काटकीची! एकदा मालकांना गाढ झोप लागली, ओ दिली नाही, तर चौघं लोहारासकट आत. मालकांनी उठून त्यांना असं झापलं की ते आनंदानं हसत बाहेर आले. बाई ओसरीवर मशीन चालवत हसत होत्या.

तेव्हा तुम्हाला एकच सांगणं. खेड्यात राहा, शहरात राहा, माझं काही म्हणणं नाही. दाराला कुलूप लावा, माझ्या जातभाईंच्या पोटावर पाय आणू नका. फक्त समोरच्या दारावरचं कुलूप कधी बदललेलं दिसलं, तर एक हाक मारून बघा. माझ्याही समोर एक जिवाभावाचं माणूस होतं. त्याच्या मालकाचं काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

थांबा, फाटक वाजलं. मास्तर आलेत, हातात कालचं वर्तमानपत्र. माझ्याकडे बघून थांबलेत.

"कुलूपकाका! आहात का?"

आत काहीच नाही. मास्तर वाट बघतात. बाईंचं मशीन थांबतं. वर्षानुवर्षं मी दारावर लटकलो ते कुणी आत येऊ नये म्हणून. आणि आता या एवढ्याशा वेळात मीच आतला आवाज ऐकायला कान लावून असतो. ओ द्या हो मालक. द्या ना.

"आहे, आहे!" आतून खेकसणं येतं. "मरायलासुद्धा सवड देऊ नका मेल्यांनो!"

मास्तर समाधानानं उंबऱ्यावर दोन काकड्या ठेवतात आणि चवड्यांवर चालत निघून जातात.